बरोबर कोण आहे?

स्वारगेटला वेल्ह्याची एस.टी. उभी होती. कंडक्टर तिकिटाचं मशीन घेऊन माझ्यापर्यंत आला.

"किती?"

"एक."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या शेजारी खिडकीपाशी बसवलेल्या सॅककडे पाहिलं. पडू नये म्हणून मी तिला सीटच्या दांड्याशी पट्ट्याने बांधलं होतं आणि तिच्या डोक्यावर मुलीची लाल कानटोपी अडकवली होती. कंडक्टर जरा घुटमळला.

"आणि ह्यांचं?"

"ती सॅक आहे हो."

"ते दिसतंय. बरोबर कोण आहे?"

"कोणी नाही."

त्याने तिकीट दिलं, पण देताना माझ्या चेहऱ्याकडे असं पाहिलं, की दवाखान्यात केसपेपर काढणारा माणूससुद्धा इतकं निरखून बघत नाही. पुढच्या चोवीस तासांत हा प्रश्न मला अकरा वेळा विचारला गेला. माझी नोकरी ऑडिटची आहे, तेव्हा आकडा चुकणार नाही.

आपल्याकडे लांब पायी चालणं म्हणजे वारी. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, पण ते लाखोंच्या संगतीने चालायचं. दिंडीला नंबर, तंबूत जागा, पंगतीत पान. एकट्याने चालायचं तर नर्मदा परिक्रमा आहे, पण तिथेही निदान नर्मदा उजव्या हाताला सोबत असते. या दोन्हींत न बसणारा, पाठीवर बोजा घेऊन डोंगरातून एकटाच निघालेला माणूस म्हणजे एक तर साधू, नाही तर फरारी, नाही तर घरात भांडण झालेला. मी त्याच दिवशी सकाळी दाढी केली होती आणि तोंडावर फरारी होण्याइतकं कर्तृत्व दिसत नव्हतं. त्यामुळे लोक फार लवकर तिसऱ्या निष्कर्षावर यायचे.

बेत तसा साधा होता. पहिल्या दिवशी पालीहून राजगड चढायचा, तिथून डोंगराच्या धारेने तोरणा गाठून वेल्ह्यात उतरायचं. दुसऱ्या दिवशी मोहरी. तिसऱ्या दिवशी बोराट्याच्या नाळेने कोकणात उतरून लिंगाण्याच्या पायथ्याने रायगड. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले द्यावे लागले आणि बारा राहिले. राजगड, तोरणा, लिंगाणा आणि रायगड हे चारही त्या बारांत होते. म्हणजे माझा सगळा मार्ग स्वराज्याच्या हद्दीतून जात होता, मोगलांशी कुठेच संबंध येणार नव्हता. विरोध झाला तो घरातून.

"एकटे?" बायको म्हणाली.

कॉलेजात असताना मी गोनीदांचं 'दुर्गभ्रमणगाथा' वाचून हा बेत केला होता. त्यानंतर परीक्षा, नोकरी, लग्न, फ्लॅटचे हप्ते आणि गुडघा, या क्रमाने तो पुढे ढकलला गेला. चोपन्नाव्या वर्षी बरोबर यायला मित्र तयार नव्हते. एकाला शुगर, एकाला नातू, आणि एकाला दोन्ही. तेव्हा एकट्याने जाण्यात नाइलाजाचा भागही होता. पण नाइलाजाला 'मला जरा स्वतःबरोबर वेळ हवाय' असं म्हटलं, की त्याला वजन येतं.

वजनावरून आठवलं.

सॅक भरायचं काम मुलीने अंगावर घेतलं. ती या विषयातले व्हिडिओ बघते. अमेरिकेत ॲपलाशियन ट्रेल म्हणून साडेतीन हजार किलोमीटरची डोंगरवाट आहे. १९५५ मध्ये एमा गेटवुड नावाच्या ६७ वर्षांच्या आजीबाई ती एकट्याने चालून गेल्या. अकरा मुलांची आई. 'जरा फिरून येते' एवढंच मुलांना सांगून मे महिन्यात निघाल्या आणि सप्टेंबरात शेवटच्या डोंगरावर पोचल्या. पायात साधे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, आणि पाऊस आला तर अंगावर घ्यायला न्हाणीघराचा प्लॅस्टिकचा पडदा. "बाबा, कमीत कमी न्यायचं असतं," असं म्हणून मुलीने माझ्या टूथब्रशचा दांडा करवतीने अर्धा कापला. जगभर लांब चालणारे लोक असंच करतात म्हणे.

दांडा कापून चारेक ग्रॅम वाचले असतील. ती करवत परत ठेवायला गेली तेवढ्यात आईने सॅकमध्ये दीड किलो चिवडा, बायकोने मेथीच्या दशम्यांची चळत आणि शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा घातला. डबा स्टीलचा. मग तंबू, स्लीपिंग बॅग, गुडघ्याचं मलम, दोन प्रकारचे बाम आणि एक कुलूप. कुलूप कशाला, हे मी विचारलं नाही. आमच्या घरातून कुणीही कुलपाशिवाय प्रवासाला जात नाही. खाली रद्दीवाला आला होता, त्याच्या ताणकाट्याला सॅक अडकवली. पाण्याशिवाय १४ किलो भरली.

"इंग्रजी का मराठी?" रद्दीवाल्याने विचारलं. त्यावर भाव ठरतो.

एस.टी.तून वाटेत उतरून पालीत एका घरी मुक्काम केला. मावशींनी पिठलं-भाकरी वाढली, समोर पाटावर बसल्या आणि मी तिसरी भाकरी घेईपर्यंत धीर धरला.

"येकलेच? संगं कुनी न्हाई?"

"नाही."

"घरी समदं बरं हाय न्हवं?"

मी सांगितलं, सगळं उत्तम आहे. बायकोनेच दशम्या करून दिल्यात. पुरावा म्हणून डबा दाखवला. मावशींनी दशमी मोडून बघितली, वास घेतला, आणि बाई मनापासून करते असा निकाल दिला. म्हणजे दोष माझ्याकडेच आला. त्यांचे यजमान ओसरीवरून म्हणाले, "जावा, पर तोरन्यावर रातचं थांबू नगा. येकल्या मानसानं तर न्हाईच." तोरण्यावर ब्रह्मपिशाच्च आहे ही गोष्ट मी पूर्वी ऐकली होती आणि पुण्यात ती हसण्यावारी नेली होती. पालीत दिवे गेल्यावर ती तितकी विनोदी वाटेना. शिवाय जानव्यापासून लांब गेलेल्या माझ्यासारख्याला बघून ब्रह्मपिशाच्चाचं मत काय होईल, याची चिंता वेगळीच.

पहाटे साडेचारला हेडटॉर्च लावून निघालो. पालीची वाट म्हणजे राजमार्ग. पायऱ्या रुंद, चढ सोपा, हत्तीसुद्धा चढायचे असं सांगतात. हत्तीला पाठीवरचं ओझं लादायला माहूत असतो. मला सॅक पाठीवर चढवायला दगड शोधावा लागत होता. ती जमिनीवरून थेट उचलली की ती वर यायच्या ऐवजी मी खाली जायचो. त्यामुळे दर विश्रांतीला कमरेइतक्या उंच दगडाची गरज लागायची, आणि दम नेमका असे दगड नसतील तिथे लागायचा. पाली दरवाजाच्या उंबऱ्यात उजाडलं.

राजगड जवळजवळ पंचवीस वर्षं राजधानी होता. आग्र्याहून निसटल्यावर १६६६ मध्ये महाराज परतले ते इथेच. पद्मावती माचीवर तळ्याकाठी बसून मी थर्मासमधला चहा ओतला. समोर सुवेळा माचीवर ऊन उतरत होतं, बालेकिल्ल्याचा कडा तांबूस झाला होता. आता मोठे विचार येणार म्हणून मी वाट बघत बसलो. एकट्याने डोंगरात गेलेल्यांना ते येतात असं सगळ्या पुस्तकांत असतं.

पहिला विचार आला तो गॅसचा. निघताना सिलिंडरचा नॉब बंद केला होता का? मग आठवलं की घरात तीन माणसं आहेत आणि ती सकाळचा चहा करणार आहेत. दुसरा विचार आला तो १९९८ सालच्या एका साहेबांचा. त्यांनी भर मीटिंगमध्ये माझी एक टिपणी फेटाळली होती. राजगडावरून मी त्यांना अडीच मिनिटांचं खणखणीत उत्तर दिलं. मोठ्याने. साहेबांना ते खोडता आलं नाही. तिसरा मात्र विचार नव्हता, ती लहानपणची कपडे धुण्याच्या पावडरीची जाहिरात होती. तिची चाल संध्याकाळपर्यंत डोक्यातून गेली नाही. चढाला संथ लय, उताराला द्रुत.

राजगडाच्या माच्यांत संजीवनी सगळ्यांत लांब. अडीच किलोमीटरची तटबंदी, तीन टप्प्यांत उतरत गेलेली, आणि काही ठिकाणी भिंतीच्या आत भिंत, म्हणजे दुहेरी. हे बांधकाम बघताना माणसाने खरं तर तास घालवावा. मी तो घालवणारच होतो, पण माचीच्या मध्यावर मोबाइलला अचानक पूर्ण रेंज आली. खिशात सतरा वेळा टुंग झालं. सोसायटीच्या ग्रुपवर टाकी धुण्यावरून रात्रभर युद्ध चाललं होतं. पाठोपाठ एका बाईंचा गोड आवाजात फोन. "सर, पर्सनल लोनची गरज आहे का?"

खाली भाटघरचं पाणी चमकत होतं. दोन्ही बाजूंना दरी. म्हटलं, "बाई, मी आत्ता राजगडावर आहे."

"ओके सर. सोबत को-ॲप्लिकंट कोण आहे?"

हा सहावा.

आळू दरवाजातून बाहेर पडलं की तोरण्याची वाट सुरू होते. तिथे मला तो भेटला. करड्या रंगाचा, एक कान दुमडलेला, निर्विकार. गडावरची कुत्री ट्रेकवाल्यांबरोबर चालतात हे मी ऐकलं होतं. त्याने मला वास घेऊन तपासलं, सॅक तपासली, आणि 'चला' अशा अर्थाने पुढे निघाला. मी त्याला स्पष्ट सांगितलं, की मी एकट्याने चालायला आलोय, यात माझं काही तत्त्व आहे. तो थांबला, मागे वळून बघितलं, आणि माझं बोलणं संपल्यावर पुन्हा चालू लागला. आमच्या ऑफिसात असे एक कारभारी होते, कुणाचंही ऐकून घेऊन स्वतःच्या पद्धतीने काम करणारे. त्याचं नाव तेच ठेवलं.

राजगड आणि तोरणा यांच्यामधली ही धार नकाशात बोटभर दिसते. नकाशा सपाट असतो, यातच त्याची लबाडी आहे. धार एकदा वर जाते, मग उतरते, पुन्हा वर जाते. उतरताना माणसाला वाटतं, ही उंची मी कमावली होती, ती कुणाच्या परवानगीने खर्च होतेय? हिवाळ्यात वाळलेलं गवत आणि त्याखाली मुरमाचा घसारा. इथे १४ किलोची सॅक स्वतःच्या मताने चालते. मी उजवीकडे वळलो की ती दोन पावलं सरळ जायची, मग मला घेऊन यायची. एका उतारावर आम्ही दोघं बसलो. ती आधी.

पुढे कारवीचं रान लागलं. सात वर्षांनी एकदा फुलणारी ही झुडपं उरलेली वर्षं ट्रेकवाल्यांची वाट लपवायचं काम करतात. कारभारी पुढे गेला होता. मला डावीकडे एक रुंद, स्वच्छ पायवाट दिसली. सह्याद्रीत रुंद आणि स्वच्छ वाट दिसली, की ती माणसांची नसून गुरांची आहे असं समजावं. तिला ढोरवाट म्हणतात. ढोरांना तोरण्याला जायचं नसतं, त्यांना पाण्यावर जायचं असतं, आणि पाणी पिऊन झालं की कुठेच जायचं नसतं. हे शहाणपण मला आज आहे. तेव्हा मी त्या वाटेने वीस मिनिटं चाललो. एका वळणावर जमिनीवर चिक्कीचा कागद पडलेला दिसला आणि माझं टाळकं सरकलं. काय ही माणसं! खायला येतात की डोंगर बघायला? यांना दंडच केला पाहिजे, आणि तोही जागच्या जागी. दंडाची रक्कम मनात ठरवत मी कागद उचलला. त्यावर आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानाचा शिक्का होता. अर्ध्या तासापूर्वी मीच तिथे बसून चिक्की खाल्ली होती.

चकवा लागला म्हणतात तो हा. चकव्यातून सुटायचे जुन्या माणसांनी उपाय सांगितले आहेत, पण ते आठवेपर्यंत दहा पावलांवर कारवीच्या आडून एक दुमडलेला कान दिसला. कारभारी खऱ्या वाटेवर सावलीत बसून होता. माझी सबंध प्रदक्षिणा त्याने बसल्या जागेवरून पाहिली असावी. मी मेथीची दशमी पुढे केली. त्याने वास घेतला आणि मान फिरवली. पार्ले-जीचे चार पुडे गेल्यावर संबंध सुरळीत झाले.

बाराच्या सुमारास खिंडीत उतरलो. इथे वेल्ह्याहून भुतोंड्याकडे जाणारा डांबरी रस्ता धार ओलांडतो. सात तास रक्त आटवून ज्या जागी पोचावं, तिथे समोरून एक माणूस मोटरसायकलवर मागे बायको आणि पुढे दुधाचा कॅन घेऊन शीळ घालत निघून जातो, यासारखा अपमान नाही. बाजूला एका झापात मामा ताक विकत बसले होते. तीन ग्लास प्यायलो. मामांनी चौथा भरताना विचारलं.

"येकलेच आलाव जनू?"

"कुत्रा आहे बरोबर," मी म्हणालो.

मामांनी कारभाऱ्याकडे पाहिलं. "ह्यो? ह्यो आमचाच हाय. रोज येतो ताकाला."

मी गप्प बसलो. तेवढ्यात मागून कलकलाट करत एक मोठी बॅच उतरली. पुण्या-मुंबईची पोरं-पोरी, पिवळे टी-शर्ट, शनिवार-रविवारचा पॅकेज ट्रेक. त्यांचा लीडर पंचविशीतला, गळ्यात शिट्टी. त्याने सगळ्यांना ओळीत बसवलं आणि मोजायला सुरुवात केली. मी ओळीच्या टोकाला दगडावर बसलो होतो. "सव्वीस, सत्तावीस," असं म्हणत त्याने माझ्या खांद्याला हात लावला आणि चरकला.

"सव्वीस होते ना आपण?"

पुन्हा मोजलं. पुन्हा सत्तावीस. लीडरच्या कपाळावर घाम आला. माणूस कमी भरला तर काय करायचं हे त्याला शिकवलं असणार. जास्त भरला तर काय, हे कुठल्याच शिबिरात शिकवत नाहीत. मी खुलासा करणारच होतो, पण ऑडिटवाल्याला दुसऱ्याचा ताळा जुळत नाही हे दोन मिनिटं बघण्यात जो आनंद असतो, तो इतरांना कळणार नाही. शेवटी सांगितलं. त्याने सुटकेचा श्वास टाकला, आणि लगेच ताईत हरवल्यासारखा चेहरा करून विचारलं, "काका, तुम्ही एकटे? बरोबर कोणीच नाही?"

झालं. तिथून मी सत्तावीस नंबर झालो. मी नको म्हणत असताना त्याने ओ.आर.एस.ची सहा पाकिटं माझ्या सॅकमध्ये कोंबली, एक जास्तीचा पिवळा टी-शर्ट दिला ("काका, जंगलात लांबून दिसतो"), आणि एका मुलीला माझ्यावर नजर ठेवायला नेमलं. ती दर दहा मिनिटांनी मागे येऊन "काका, ओके?" विचारायची. मुद्दाम मागे राहावं, म्हणजे ते पुढे जातील आणि शांतता मिळेल, म्हणून मी बुटाची लेस सोडून बसलो. लीडरने शिट्टी वाजवली. सगळी बॅच माझ्यासाठी थांबली. सव्वीस माणसं आपल्याकडे बघत असताना लेस बांधून पाहा, गाठ बसत नाही.

कारभाऱ्याने मात्र खिंडीतच निर्णय घेतला होता. बॅचच्या जेवणात अंडी आहेत हे कळताच तो शांतपणे उठून पलीकडे जाऊन बसला. माझ्याकडे एकदासुद्धा वळून पाहिलं नाही. महाराष्ट्रात आता याचं कुणाला नवल वाटत नाही.

खिंडीतून तोरण्याचा चढ अंगावर येतो. तोरणा समुद्रसपाटीपासून १४०३ मीटर, पुणे जिल्ह्यातला सगळ्यांत उंच किल्ला. इतका अवाढव्य, की महाराजांनी त्याला प्रचंडगड म्हटलं. राजगडाकडून येणारी वाट बुधला माचीवर चढते ती रडतोंडीच्या बुरुजापाशी. हे नाव कुणी ठेवलं असेल त्याला माझा नमस्कार. इतक्या गडांवर इतके बुरूज, दरवाजे आणि टाकी देवांच्या, सरदारांच्या, पराक्रमांच्या नावाने ओळखली जातात; इथे मात्र कुणा इमानदार माणसाने वर पोचलेल्याचा चेहरा पाहिला आणि जे दिसलं तेच नाव दिलं.

बुरुजाखाली लोखंडी शिडी आहे. पोरं खारीसारखी चढून गेली. माझी पाळी आली तेव्हा सॅक शिडीच्या कठड्यात अडकली. पुढे जाता येईना, मागे येता येईना. वरून सव्वीस चेहरे वाकून बघत होते. खाली पाहायचं नाही असं सांगतात. मी वरही बघू शकत नव्हतो. त्या अवस्थेत, आयुष्यात पहिल्यांदा, मला खरा एकांत मिळाला. अंदाजे दीड मिनिट. मग लीडर दोन पायऱ्या उतरला, त्याने माझ्या खांद्यावरून सॅक सोडवली आणि वर ओढून घेतली. वर गेल्यावर तिच्याकडे बघत म्हणाला, "काका, यात काय आहे?"

सगळ्यांच्या देखत डबा उघडला. लाडू सव्वीस जणांत संपले. चिवड्याचा निम्मा फडशा पडला. दशम्याही गेल्या. एक मुलगी म्हणाली, अगदी आमच्या आजीसारख्या. कारभारीही आला, पण त्याला मी काही दिलं नाही. माझीही काही तत्त्वं आहेत.

बुधला माचीचं नाव तिथल्या सुळक्यामुळे पडलंय. तेलाचा बुधला उपडा ठेवावा तसा तो दिसतो. तिथे बॅचचा ग्रुप फोटो झाला. मी नको म्हणालो तरी मला मधोमध बसवलं, पिवळा टी-शर्ट घालून. तो फोटो त्यांनी पाठवला आहे. त्यात मी मागच्या राजगडाकडे बोट दाखवतोय असं वाटतं. प्रत्यक्षात खांदा आखडला होता.

कोकण दरवाजातून मेंगाई देवीच्या देवळापाशी आलो तेव्हा सूर्य कलला होता. बॅचची बस वेल्ह्यात थांबली होती, ती मंडळी बिनी दरवाजाने घाईघाईने उतरून गेली. माझी जबाबदारी संपल्याचं लीडरने तीनदा तपासून घेतलं. देवळाच्या पायरीवर मी एकटा बसलो. अखेर एकटा. वारा थांबला होता. मघाशी पार केलेली सगळी धार समोर पसरली होती, तिच्या त्या टोकाला राजगड निळसर होत चालला होता. एका दिवसात आपण हे चाललो? छातीत काहीतरी भरून आलं. मोठा विचार येण्याची हीच वेळ होती.

तेवढ्यात देवळामागे पाचोळा वाजला.

तोरणा ते वेल्हे उतरायला साधारण दोन तास लागतात. बिनी दरवाजाखालच्या कातळाच्या टप्प्यांवर रेलिंग आहेत, तिथे सावकाश उतरावं अशी सूचना सगळे देतात. मी किती वेळात उतरलो ते सांगत नाही, कारण गुडघ्याच्या डॉक्टरांच्या हातात हे पडलं तर पंचाईत. ब्रह्मपिशाच्चावर माझा विश्वास नाही. पण पाचोळ्यात जे होतं, त्याचा माझ्यावर विश्वास होता की नव्हता, याची खात्री करत बसायला मी थांबलो नाही. निम्म्या उतारावर ते मला ओलांडून पुढे गेलं. एक कान दुमडलेला होता.

वेल्ह्यात ज्यांच्याकडे उतरायचं ठरलं होतं त्या काकूंनी दारातच माझ्या मागे अंधारात डोकावून पाहिलं.

"बाकीची मंडळी?"

"मी एकटाच."

"आनि उद्या?"

"उद्या मोहरी. परवा नाळेनं रायगड."

"येकलेच?"

हा अकरावा. काकूंनी तांब्याभर गरम पाणी पुढे ठेवलं, माझ्या चालण्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "घरचा नंबर द्या." त्यांच्या आवाजात असं काही होतं, की मी दिला. मी अंगणात बसून बूट काढत होतो, तेव्हा स्वयंपाकघरात त्यांचं माझ्या बायकोशी बोलणं चाललं होतं. दोघी एकमेकींशी आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होत्या, पण पंधरा मिनिटांत त्यांचं काहीच सांगायचं राहिलं नसावं. मधून मधून "गुडघा", "ऐकतच न्हाईत", "आमचे बी तसेच" असे शब्द बाहेर येत होते. डावा बूट निघेपर्यंत ठरलं होतं. काकूंचा भाचा सकाळी सातला जीप घेऊन पुण्याला भाजी पोचवायला जातो, मी त्याच्याबरोबर जायचं. रायगडाबद्दल माझं मत घेण्यात आलं नाही.

सकाळी निघताना काकूंनी सॅकमध्ये दोन किलो इंद्रायणी तांदूळ, किलोभर हुलगे आणि शेवग्याच्या शेंगा घातल्या. जीपमध्ये भाचा म्हणाला, पुढं बसा. मध्ये कोथिंबिरीचं पोतं होतं. वाटेत त्याने काहीच विचारलं नाही. भला माणूस.

घराखाली रद्दीवाला उभाच होता. सॅक पुन्हा ताणकाट्याला लावली. लाडू नव्हते, दशम्या नव्हत्या, चिवडा निम्मा, बिस्किटं संपलेली.

साडेपंधरा किलो.